न वाजवलेल्या घंटेची वाइन

सेकोंदो ब्रिकारेल्लो आमच्या गावच्या चर्चचा घंटेकरी होता. गारांचा ढग टेकडीमागून डोकं वर काढू लागला की मोठी घंटा वाजवून त्याला पलीकडच्या गावावर हाकलायचं, हे त्याचं मुख्य काम. त्याबद्दल दर नोव्हेंबरात तो बावीस घरांपुढे हातगाडी उभी करायचा. प्रत्येक घराने नव्या वाइनचा एक लहान बुधला द्यायचा, अशी रीत होती. ढग नेहमी हटायचे असं नाही. बुधले मात्र मिळायचे.

एकोणीसशे एकाहत्तर साली ढगच आला नाही. सप्टेंबरभर ऊन आणि रात्री गारवा. बारोलो या आमच्या भारी लाल वाइनची द्राक्षं अशी उतरली की म्हातारेसुद्धा जुन्या वर्षांचे दाखले देईनात. सेकोंदो तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्याने बऱ्यावाईट वर्षांची वाइन प्यायली होती. मरण्याआधी एकदा थोर वर्षाची प्यावी, एवढीच त्याची इच्छा होती.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, चेल्सोने त्याला खानावळीत गाठलं. चेल्सोचा मळा गावात सगळ्यांत मोठा आणि तोंडही तसंच.

"सेकोंदो, यंदा मोठ्या घंटेच्या दोरीला हात तरी लावलास का?"

"नाही."

"मग वाइन कशाची?"

"ढग आला नाही त्याची. चाळीस वर्षांत ढग शिकले."

"आणि गेल्या वर्षी माझा मळा झोडपला, तो काय बहिरा ढग होता?"

खानावळ हसली. सेकोंदोने शांतपणे टोपी घातली. "बरं. पुढच्या वर्षी ढग दिसला की आधी तुझ्या दारी येऊन विचारीन, याच्यासाठी वाजवू की नको. तू बायकोला विचारून सांग."

घंटेवर कोणाचाच विश्वास नव्हता. पण ती वाजली नाही तर काय होतं, हे पाहण्याची हौसही कोणाला नव्हती. तीन दिवसांत बावीसही बुधले त्याच्या दारात आले. पहिला चेल्सोचा.

जुन्या पद्धतीची बारोलो मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं निवते, मग बाटलीत झोपते. वर्ष जितकं थोर, तितकी ती तरुणपणी तुरट आणि हट्टी. सेकोंदोने पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"कशी आहे?" त्याच्या बहिणीने, एर्नेस्ताने विचारलं.

"मोठी आहे."

"मोठी म्हणजे?"

"मोठी म्हणजे मोठी."

एर्नेस्ताने चाखली. "अरे, ही वाइन आहे की कातडी कमवायचं पाणी? ठेव दहा वर्षं. चेल्सोही ठेवणार आहे म्हणे."

"दहा वर्षांनी मी चौऱ्याऐंशीचा. मग ही पिणार कोण, तू?"

भांडून मिळवलेल्या वस्तूला नावं ठेवता येत नाहीत. तो हिवाळाभर रोज ती प्यायला. जीभ टाळ्याला चिकटायची, पण तो तोंड वाकडं करायचा नाही. ईस्टरपर्यंत बुधले रिकामे झाले.

पुढच्या वर्षी त्याने एकोणीस वेळा मोठी घंटा वाजवली. गार एकही पडली नाही. नुसता पाऊस पडत राहिला आणि द्राक्षं कुजली, पण पाऊस हे घंटेचं खातं नव्हतं. त्या वर्षीची पाणचट वाइन सेकोंदोला मनापासून आवडली.

तो एक्याण्णव वर्षं जगला. तो नव्वद वर्षांचा असताना चेल्सोच्या नातीचं लग्न झालं. एकाहत्तरच्या बाटल्यांसाठी तोवर परदेशातून मोटारी येत होत्या. चेल्सोने त्यातल्या सहा फोडल्या आणि पहिला पेला सेकोंदोपुढे ठेवला. चेष्टा होती की माफी, ते त्यालाच ठाऊक.

सेकोंदोने वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण एकाहत्तरची नव्हे."

"बाटलीवर लिहिलंय, बाबा," चेल्सो म्हणाला.

"लिहू दे. एकाहत्तरची मी प्यायलोय. बावीस बुधले."

आणि त्याने पेला पुन्हा भरायला पुढे केला.