जादा स्विच

माजरीच्या खाणीत नोकरीला असताना आम्हा चौघांचा लग्नात वाजवणारा ऑर्केस्ट्रा होता. आमच्या ड्रमवाल्यानं माझ्या इलेक्ट्रिक गिटारला भोक पाडून एक जादा स्विच बसवला होता. त्यानं तिचा आवाज भरदार व्हायचा. मागच्या वर्षी तो ड्रमवाला कावीळ होऊन वारला. बाकीचे दोघे त्याआधीच बदलीवर गेले होते. सोबत वाजवायला कोणी उरलं नाही, म्हणून मी गिटार विकायला काढली. घेणाऱ्याला ती कंपनीतून आली तशीच हवी होती.

वरोऱ्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे ती नेली.

"चांगला स्विच हाये भाऊ, काऊन काढून राह्यले?" त्यांनी विचारलं.

"विकून राह्यलो, चाचा."

त्यांनी स्विच काढला, आतल्या तारा पहिल्यासारख्या जोडल्या आणि भोक बुजवून काळा रंग दिला. मी वाजवून पाहिलं. आवाज बारीक आला, त्या तिघांची ओळख व्हायच्या आधी यायचा तसा.

घेणारा घरी आला. त्याला बुजवलेलं भोक दिसलंच नाही. मीच बोट ठेवून दाखवलं, "इथी माह्या दोस्तानं स्विच लावला होता."

"चालते," म्हणत त्यानं गिटार पिशवीत घातली. कोण दोस्त, हे त्यानं विचारावं असं वाटत होतं, म्हणून मी त्याच्या गाडीपर्यंत गेलो. त्यानं नागपूरचा रस्ता तेवढा विचारला.