दाढीच्या आरशातलं पाणी
ओल्या बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, आंबूस वास आला की हिंगोलीकडच्या साखर कारखान्यातली ती दुपार आठवते. यंत्रं आपोआप चालवायला प्रत्येक विभागाला पीएलसी या छोट्या नियंत्रकाची वेगळी पेटी बसवायची, की सगळा कारखाना डीसीएस नावाच्या एकाच मोठ्या यंत्रणेवर घ्यायचा, याचा अहवाल मी लिहीत होतो, आणि मन केव्हाच डीसीएसकडे झुकलं होतं. तेवढ्यात कंट्रोल रूममधला कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला. पाणी चढवणारा पंपही थांबला असेल आणि बॉयलरमधलं पाणी उतरलं तर स्फोटच, म्हणून मी जिवाच्या आकांतानं खाली पळालो. पाहतो तर बॉयलरची भट्टी सांभाळणारा तांड्यावरचा म्हातारा फायरमन खांबाला टांगलेल्या दाढीच्या आरशात बघत उभा! "भांग काय पाडताय?" मी ओरडलो. "भांग न्हाई साहेब, पाणी पाहून राहिलो. बराबर हाय," म्हणत त्यानं मला दंडाला धरून आरशासमोर उभं केलं. त्यात बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी वर उंचावरची काचनळी दिसत होती आणि पाणी निम्म्यावर स्थिर होतं. पडदा नुसता दाखवण्यापुरता होता. पंप शेजारच्या पेटीतला पीएलसी चालवत होता. मी तिथंच फतकल मारून बसलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो. अहवालात मग दोन्ही यंत्रणांपुढे एकच प्रश्न ठेवला: पडदा गेल्यावर पाणी कोण सांभाळणार? आजही कुणी रंगीत पडद्यावर नवी यंत्रणा दाखवायला आलं, की मी त्याला आधी पडदा बंद करायला सांगतो.