शालिग्रामचा मोडेम

शालिग्राम भोळे आणि मी जळगावच्या एका कारखान्यात प्रेसवर होतो. पत्रा दाबायचं काम. दिवसभर दणके. माझे कान बरे राहिले, त्याचे गेले. मशीनवरून काढतील म्हणून त्याने निवृत्त होईपर्यंत ते लपवलं. ओठ बघून भागवायचा. फक्त मला आणि त्याच्या बायकोला, इंदिराबाईंना माहीत होतं.

मुलीने, सुनंदाने, स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि बडोद्याला गेली. शालिग्राम आधी चिडला, मग निवळला. ती ऑफिसातून फोन करायची, आबांना द्या म्हणायची. फोनवर ओठ दिसत नाहीत. इंदिराबाई सांगायच्या, बाहेर गेलेत, आंघोळीला बसलेत. जावयाकडे बहिरेपण कळू द्यायचं नाही, अशी शालिग्रामने त्यांना शपथ घातली होती. पोरीला वाटलं, बाप अजून रागातच आहे. तिने घर बदललं, पत्ता कळवला नाही. फोनही कमी झाले.

नव्व्याण्णव साली त्याचा भाचा अभिमन धुळ्याहून आला. तो तिथे कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. सुनंदाचा ई-मेल त्याच्याकडे होता. लिहून बोलता येतं, कान लागत नाहीत, हे शालिग्रामला पटलं. अभिमनने क्लासातला जुना कॉम्प्युटर आणून दिला. नवी विंडोज त्यावर चालेना, म्हणून मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं. ते फुकट होतं, पण फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा मोडेम त्यावर चालेना. आतलं मोडेमचं कार्ड फक्त विंडोजवर चालणारं निघालं. मग बाहेरून जोडायचा जुना मोडेम आणला.

अभिमन रविवारी यायचा. बाकी दिवस शालिग्राम त्याने लिहून दिलेल्या कागदावर बघून एकेक अक्षर दाबायचा. इंग्रजी वाचता येत नव्हतं, अक्षरांचे आकार जुळवायचा. चुकलं की पहिल्यापासून. कंटाळला असं एकदाही म्हणाला नाही. मोडेम काय आवाज करतो ते मी ऐकून सांगायचो.

"सुपडूभाऊ, काय करू राह्यला तो?"

मी मान हलवायचो. मोडेम नुसता टक् करून गप्प व्हायचा. पडद्यावर रोज तेच, डायल टोन नाही. फोन उचलला तर टोन नीट यायचा. अभिमनने शोधून काढलं की आपल्याकडचा टोन त्या मोडेमला ओळखूच येत नाही. टोनची वाट न बघता नंबर फिरव, असा हुकूम त्याला द्यावा लागतो. तेवढी दोन अक्षरं वाढवली. मोडेमने शिट्टी मारली, मग खरखर केली. लागला, अशी खूण म्हणून मी हात वर केला. शालिग्रामने मोडेमच्या पेटीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

अभिमनने इंग्रजी अक्षरांत मराठी कागदावर काढून दिलं, ते बघून शालिग्रामने स्वतः लिहून कळवलं की मी रागावलेलो नाही, घरी ये. बहिरेपणाचं त्यातही लिहिलं नाही.

उत्तर आलं. अभिमनने वाचून दाखवलं. अभिमन, आबांना इंग्रजी अक्षरं कुठे येतात, हे तूच लिहिलंस. राग खरंच गेला असेल तर आबांनी स्वतः फोनवर बोलावं. खाली नंबर होता.

शालिग्राम म्हणाला, "बोलतो. मला ऐकायचं कुठे आहे, सांगायचंच आहे."

नंबर मी फिरवला, तिचा आवाज आल्यावर रिसीव्हर त्याला दिला. इंदिराबाई कान लावून बाजूला होत्या. आम्ही प्रेसवाले ओरडूनच बोलतो, आणि त्याला तर स्वतःचाही आवाज कळत नव्हता. "सुनंदा! घरी ये! ऐकलं का? घरी ये!" शेजारची माणसं दारात आली. त्याच्या हातातल्या रिसीव्हरमधून मला तिचं ऐकू आलं. "आबा, ओरडू नका ना." मग रडणं. मग फोन ठेवल्याचा आवाज. तो बोलतच होता.

इंदिराबाईंनी रिसीव्हर काढून घेतला. त्याने विचारलं, काय म्हणाली. त्यांनी ओठांनी सगळं खरं सांगितलं.

तो लगेच कॉम्प्युटरपुढे बसला. मला ऐकू येत नाही, बारा वर्षं झाली, तुला ओरडलो नाही. अभिमनने काढून दिलेल्या कागदावरून एवढं लिहायला त्याला दुपार लागली. मी शिट्टी ऐकली, हात वर केला. पत्र गेलं.

उत्तर आलं नाही. त्यानंतर मरेपर्यंत तो रोज सकाळी एकदा मोडेम लावायचा. पत्र नाही बघितलं की लगेच लाइन मोकळी करायचा. मोडेम चालू असेपर्यंत बाहेरचा फोन लागत नाही, आणि तिला लागला पाहिजे म्हणायचा.