टिक झालं की बटण

काचबिंदूच्या तपासणीत एक फील्ड टेस्ट असते. एक डोळा पट्टीनं झाकतात. दुसऱ्यानं पांढऱ्या पातेल्यासारख्या यंत्रात समोर बघत राहायचं आणि कडेला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. माझा डावा डोळा कधीच गेलाय. उजव्यात वर्षानुवर्षं औषधाचे थेंब घालतोय. थेंबांवर भागेल की ऑपरेशन लागेल, ते या टेस्टवर ठरणार होतं. आणि ऑपरेशन मला नको होतं.

शाळा चौथीत सुटली, पण इथं कानडी मुलखात, राजाजीनगरात लेथवर जन्म काढलाय. यंत्र आवाजावरून ओळखतो मी. हेही दिवा लावताना टिक करायचं. टिक झालं की मी दाबायचो, दिसो न दिसो.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग मला. "अज्जा, हे मधूनमधून नुसताच आवाज करतं, दिवा लावत नाही. तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय."

लेक शेजारीच होती. "अप्पा, यंत्राशीपण लबाडी?"

"खोटारडं यंत्र आणलंय, त्याला मी काय करू?"

बाई हसल्या नाहीत. "मागच्या वेळीही असंच झालं. आजार वाढतोय की थांबलाय, मला कळायला मार्ग नाही. आणि गेलेली नजर परत येत नसते."

"सरी, ठीक आहे," म्हटलं, "परत लावा."

खोलीत अंधार केला. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "स्वल्प सावकाश, अज्जा."

टिक. काही नाही. टिक. अंगठा आपोआप वळवळला, मी आवरला. वरच्या अंगाला एक दिवा दिसला, खराखुरा. बटण दाबलं. मग पुन्हा टिक, टिक, आणि नाकाच्या बाजूला नुसता पांढरा शुकशुकाट. मानेवरून घाम उतरला. यातले सगळेच आवाज खोटे नसणार, हे मला कळत होतं. तरी मी वाट बघत राहिलो, एखादा तरी दिसेल म्हणून.

कागदावर नाकाच्या बाजूला काळा डाग आला. मधोमध पोचायला थोडीच जागा उरलेली. लेकीनं कागद ओढून घेतला आणि त्या डागावर बोट ठेवलं.

"ऑपरेशन करावं लागेल, अज्जा," बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात बघूया."

"पुढचा आठवडा कशाला?" मी म्हटलं. "उद्या होत नाही का?"