पेव भरलं त्या वर्षी

तुमचं गाव कोणतं, असं कुणी विचारलं की मला अजून चीड येते. विचारणाऱ्याचा काही गुन्हा नसतो, तरी येते. सुलतानपूर म्हणावं, पिंपळगाव राजा म्हणावं की जानेफळ, हे मला उभ्या आयुष्यात ठरवता आलेलं नाही. माझा जन्म झाला तेव्हाही म्हणे बदलीचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं आणि सुईणीला बसायला ट्रंकेशिवाय दुसरं काही नव्हतं.

बाबा कौन्सिलच्या मराठी शाळेत मास्तर होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं आणि आम्ही बदलीच्या हुकमाच्या. हुकूम आला की बैलगाडी ठरवायची, ट्रंक, भांडी आणि जातं त्यात घालायचं, वर आम्हा भावंडांना बसवायचं आणि निघायचं. आईचा एक हट्ट होता. कोणत्याच घरात ती भिंतीला खुंटी ठोकू द्यायची नाही. बाबांचा कोट कायम दाराच्या कडीला लटकायचा. "ठोकान तं मंग काढन कोन?" म्हणायची. जातंही ती जमिनीत बसवत नसे. ते नुसतं भुईवर ठेवलेलं असे आणि दळताना सरकत सरकत भिंतीशी जाई.

जानेफळला आम्ही गेलो तेव्हा मला समज आली होती. घरमालक मुसलमान शेतकरी होते. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आणि मागचं अंगण दोघांत एकच. घरमालकिणीला आम्ही खाला म्हणायचो. बाई तोंडाची फटकळ, पण घरात शिजलेलं काही चांगलं असलं की तिचा हात आमच्याकडे आधी वळायचा.

त्या अंगणात पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत पुरुषभर खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट रुंद. उन्हाळ्यात आत कडबा जाळून तो खडखडीत वाळवायचा, कडब्याचंच अस्तर लावायचं, ज्वारी ओतायची, वर फरशी टाकायची आणि माती ओली करून चोपून चोपून बसवायची. मग पावसाळाभर त्याला हात लावायचा नाही. दिवाळी उलटून जमीन वाळली की उघडायचं. तेव्हाही लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो. आधी दोरीनं कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच उतरायचं.

आणि पेव उघडलं की पहिली ज्वारी घरात न्यायची नाही. सूप सूप भरून शेजारीपाजारी द्यायची. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस कोंदट वास असतो. पहिल्या वर्षी तिची भाकर आमच्या तोंडात नुसती फिरली. पुढं मात्र बाजारच्या ज्वारीची भाकर आम्हाला अळणी लागायला लागली.

दर दिवाळीनंतर आमच्याकडे सुपं यायची. सूप रिकामं परत करू नये म्हणून आई त्यात बाजारातला गूळ घालायची. शेजारणी गोड हसून घ्यायच्या, पण आईचं तोंड उतरायचं. एकदा चुलीपाशी बसून ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आपन निस्ते घेनारे."

हे खालाच्या कानावर गेलं असावं. त्या फाल्गुनात ती आमच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, मांगचं एक पेव खालीच पडेल हाये. भरून टाका न. इतक्या काऊन भेता?"

बाबा हसले. "अगं, भरशील, पण उघडायला आपण इथं असू का?"

आई म्हणाली, "भरलं तं राहू."

बाबांनी ज्वारी आणली. खालाच्या नवऱ्यानं पेव जाळून दिलं. आईनं पदर खोचून माती चोपली, तिच्या तळहाताला फोड आले आणि ते फोड ती सगळ्यांना दाखवत हिंडली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना खुंट्या ठोकायला लावल्या. एक नाही, भिंतभर. जातं जमिनीत पुरून मातीनं लिंपलं. आता ते सरकेना, आणि दळताना आई ओव्या म्हणायला लागली. तिला ओव्या येतात हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. बाजारातून येताना ती 'चला, आपल्या घरी' म्हणाली तेव्हा मी चमकून तिच्याकडे पाहिलं. आजवर ती नुसतं 'चला' म्हणत आली होती. मी त्या वर्षी फार सुखात होते. तसं सुख मला पुन्हा कुठल्याही घरात लाभलेलं नाही, माझ्या सासरीही नाही, आणि हे मी सासरच्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

हुकूम भाद्रपदात आला. बाबांनी साहेबांकडे विनवणी करून पाहिली, पण मास्तराच्या बायकोनं पेव भरलंय हे काही सरकारी कारण नव्हे. भर पावसाळ्यात पेव उघडता येत नाही, ज्वारी ओल धरते. बाबा म्हणाले, आहे तसं विकून टाकू. आई म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी उघडून, सूप वाटून मंगच येईन." बाबा एकटे गेले. आईनं त्यांचा कोट खुंटीवरून काढून दिला आणि ती खुंटी रिकामी राहिली.

त्या दिवसापासून आईला चैन पडेना. अंगणात जायची, पेवाच्या तोंडावर उभी राहायची, पायानं माती दाबून बघायची. मध्ये पावसानं चांगली उघडीप दिली. ऊन कडक पडलं. खालाकडचे सगळे शेतात गेले होते. आईनं खुरपं घेतलं आणि माती उकरली.

"आई, खाला म्हनते, हात लावाचा नाही," मी म्हटलं.

"पाहू दे मले. हाये का नाही, येवढंच पाहू दे."

फरशी थोडी सरकवून तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला. मूठभर ज्वारी वर काढली, नाकाशी नेली आणि मोठ्यानं हसली. माझ्याही नाकाशी धरली. तोच वास होता. मग तिनं फरशी ओढून माती पुन्हा बसवली, तिच्या हिशेबानं घट्टच. पिढ्यान्‌पिढ्या पेवं भरणाऱ्या घरातली बाई हे कधीच करत नाही. कारण पेव आहे की नाही, अशी शंकाच तिला येत नाही.

पुढं हस्ताचा पाऊस पडला, तो धो धो पडला.

दिवाळीनंतर बाबा रजा घेऊन आले. आईनं एकेका शेजारणीच्या नावानं सुपं घासूनपुसून ओळीनं मांडली होती. खालाच्या नवऱ्यानं कंदील सोडला, तो विझला. बराच वेळ थांबून पुन्हा सोडला, पुन्हा विझला. तोवर वास अंगणभर झाला होता आणि काय झालंय ते कळायला कुणाला आत उतरायची गरज राहिली नाही. शेवटी फावड्यानं वर काढली तेव्हा ज्वारी नव्हतीच, काळे चिकट लगदे होते.

"कोनं उघडलं व्हतं?" खालाच्या नवऱ्यानं विचारलं.

"मी," आई म्हणाली.

खालानं स्वतःच्या नावचं सूप उचललं आणि आईपुढं धरलं. "द्या बाई, आमचं सूप भरा."

"काय घालू त्याच्यात?"

"जे हाये ते घाला. बकऱ्या तं खातीन."

आईनं सूप तिच्या हातातून घेतलं, भिंतीशी पालथं घातलं आणि ती घरात गेली. आम्ही मागोमाग गेलो तर ती खुंट्या उपटत होती. भिंतीचे पोपडे तिच्या केसांवर पडत होते. बाबा म्हणाले, "राहू दे गं, दुसरं कुणी वापरेल." तिनं ऐकलं नाही. एकही ठेवली नाही.

त्यानंतर किती गावं झाली ते मी मोजलं नाही. जातं पुन्हा भुईवर सरकत राहिलं. ओव्या बंद झाल्या. पेन्शन झाल्यावर बाबांनी खामगावात दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं, तेव्हा ते मोठ्या हौसेनं म्हणाले, आता ठोक हव्या तेवढ्या खुंट्या. आईनं मरेपर्यंत तिची लुगडी ट्रंकेतच ठेवली.

शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी होते. एका सकाळी ती उठून बसायला धडपडू लागली. म्हणाली, "घरी जाऊ वो."

"कोणत्या घरी आई? हे घरच आहे."

ती छताकडे बघत राहिली. आठवत असावी. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "ते पेवाचं."

मी हो म्हटलं. जाऊ म्हटलं. गाडी सांगते म्हटलं.

तिनं माझा हात घट्ट धरला. मग माझा हात सोडून म्हणाली, "नाही पन. ते तं सडलं."