ज्याची गाठ त्याची

समजा, तुम्हाला एक ट्रक सुरू करायचा आहे. रोजचा धावता नव्हे. दोन पावसाळे एकाच जागी उभा राहिलेला. आधी नवी बॅटरी जोडायची. मग डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढायची. इंजिनाच्या बाजूला एक छोटा हातपंप असतो, तो अंगठ्याने दाबत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग फेसात डिझेल, मग निखळ डिझेल. तोवर अंगठा तुमचा राहिलेला नसतो. आता केबिनमध्ये चढा, चावीकडे हात न्या आणि थांबा. कारण स्टिअरिंग दोरीने क्लचच्या दांड्याला आवळून बांधलंय, आणि ती गाठ तुमची नाही.

असीरगढजवळच्या लालबागेत, एका बंद पडलेल्या ट्रक कंपनीच्या यार्डात, दगा मिस्त्री बरोबर इथेच अडला होता.

गाठीची गोष्ट अशी. केळीच्या गाडीवर तिरपाल ओढून दोरी आवळली, की ज्या ड्रायव्हरने गाठ मारली त्यानेच ती दिल्लीच्या मंडीत सोडायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावणं म्हणजे त्याच्या मालात हात घालणं. शेठने पगार थांबवले तेव्हा युनियनचा सेक्रेटरी कौतिक एका गाडीच्या बॉनेटवर चढून ओरडला होता, "आज माल नाही, गाडीच बांधा रे! पगार मिळेपर्यंत सोडायची नाही, अन् ज्याची गाठ, त्यानंच सोडायची!" आणि सगळ्यांनी शपथ घेऊन आपापलं स्टिअरिंग बांधलं. कौतिक हा दगाचा दोस्त. असीरगढचा घाट दोघांनी एकाच केबिनमध्ये कितीदा उतरला होता, त्याला हिशेब नाही.

पुढे कंपनीचं दिवाळं निघालं. शेठ गावातून दिसेनासा झाला. धरण्यावर बसल्या बसल्या कौतिकला लकवा मारला. काही महिने तो काठी टेकत यार्डात येत राहिला, आणि पोळ्याच्या सुमारास गेला. त्यानंतर कोर्टाने नेमलेली माणसं आली, फाटकाला सील लागलं, लिलाव ठरला.

लिलावाचं काम पाहायला इंदूरहून योगेंद्र नावाचा माणूस आला होता. त्याने दगाला बोलावून सरळ सांगितलं, "मिस्त्रीजी, गाडी चालू दिसली तर गाडीच्या भावात जाईल. बंद दिसली तर कबाडी भंगाराच्या भावात घेऊन जाईल. जे येईल त्यातून तुमच्या लोकांचा थकलेला पगार पण निघेल. बघा, सोचून घ्या."

दगाने विचार केला आणि हो म्हटलं. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव लोकांना नव्याने ऐकू येऊ लागलं. त्याच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून मरणाला फसवायला आईने त्याचं नाव दगा ठेवलं. मरण फसलं. पण चहाच्या टपरीवर नवा सेक्रेटरी निलेश सगळ्यांसमोर म्हणाला, "दगाकाका, तुमच्या मायनं काय दूरचं पाहिलं हो! नाव बरोबर ठेवलं."

"चहा पी," दगा म्हणाला.

"दोरी कापली तर तुम्ही आमचे नाही. सांगून ठेवतो."

"कापतो कोण? ज्याची त्यानं सोडा ना. मी का तुमच्या हाताला धरतो?"

मग दगा सिंधीपुऱ्यापासून एकेकाच्या दारात गेला. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाणी दिलं, एकाने दोन्ही दिलं. पण लोक आले. एकेक जण केबिनमध्ये चढे, मान खाली घालून गाठ सोडे आणि फाटकाबाहेर जाऊन पाठमोरा उभा राही. निलेश सगळ्यात शेवटी आला. गाठ सोडताना त्याची बोटं चालेनात, तेव्हा दगाने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

राहिली एकच गाडी. कौतिकची.

त्या गाडीजवळ दगा जातच नसे. भर दुपारी, सगळं यार्ड तापून गप्प झालेलं असताना, त्या केबिनमध्ये कुणीतरी बसलंय असं त्याला वाटे. सीटचा खड्डा अजून तसाच होता. हा खड्डा रिकामा नाही, हे एकदा मनाने घेतलं की काही केल्या जात नसे. एकदा तर त्याच्या तोंडून निघून गेलं, "सरक ना भो," आणि मग स्वतःच्याच आवाजाने तो दचकला.

वारसाने सोडली तर चालेल, असं निलेशनेच सुचवलं. म्हणून दगा कौतिकच्या बायकोला, कोकिळाला, घेऊन आला.

"वहिनी, चढता येईल का?"

"इतकी म्हातारी नाही झाली मी," कोकिळा म्हणाली आणि पदर खोचून वर चढली. दगा खाली उभा. ती गाठीवर वाकून राहिली.

"सुटत नाही का?"

"भाऊजी," ती म्हणाली, "ही ह्यांची गाठ नव्हे."

दगा पायरीवर चढला. कौतिक डावखुरा. त्याची गाठ नेहमी उलटी पडायची. मंडीतले हमाल दुरून ओळखायचे. ही गाठ सुलटी होती. आणि ढिली, लहान पोराने मारावी तशी.

"म्हणजे कुणीतरी सोडली," निलेश खालून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सोडून परत बांधली. आपल्यातलाच कुणीतरी..."

कोकिळाने नुसतं बोट लावलं आणि दोरी गळून तिच्या पायांवर पडली.

दगाने बॅटरी जोडली. हातपंपाला अंगठा लावला, तर पहिल्याच दाबाला निखळ डिझेल आलं. फेस नाही. बाकीच्या प्रत्येक गाडीला घाम काढून काढून सुरू करावं लागलं होतं. चावी फिरवली. अर्धा फेरा, आणि इंजिन लागलं, जणू कुणी आत्ताच बंद करून चहाला गेलं होतं.

"हिला कुणीतरी चालू केली होती," दगा म्हणाला. "सगळ्या उभ्या राहिल्यावर. नंतर."

निलेश एकेक नाव घेऊ लागला. हा असेल, तो असेल, त्याला शेठने फोडलं असेल. कोकिळा त्याचं ऐकत नव्हती. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती.

"डावा गेला होता ना त्यांचा," ती म्हणाली. "शेवटी शेवटी उजव्या हातानं जेवायचे. अर्धं सांडायचं. शर्टाचं बटन लावायला एवढा वेळ. मी लावायला गेली की चिडायचे."

निलेश पायरीवर चढून त्या गळून पडलेल्या दोरीकडे पाहू लागला.

"तुम्हाला काही बोलले होते का, भाऊजी?"

दगाने नकारार्थी मान हलवली. कौतिक काहीच बोलला नव्हता. काठी टेकत आला असेल, एका हाताने ओढत स्वतःला वर चढवलं असेल, स्वतःचीच शपथ मोडून गाठ सोडली असेल. मग गाडी सुरू करून त्या खड्ड्यात बसून राहिला असेल, किती वेळ कोण जाणे.

लिलाव झाला. कौतिकची गाडी धुळ्याचा एक माणूस चालवत घेऊन गेला. कामगारांच्या दाव्याचं कोर्टात चाललंय. टपरीवर आता दगाच्या नावावर कुणी काही बोलत नाही. गाठ कुणी मारली हे निलेशने बाहेर सांगितलं नाही, आणि दगानेही नाही.

पण लालबागहून जाताना दगा अजून त्या फाटकाशी रेंगाळतो. आत सपाट मोकळं मैदान. लोकांनी दगाबाज म्हटलं, ते तो कधीच विसरून गेला. त्याला कौतिककडून एवढंच ऐकायचंय, मोठ्याने नको, घाटात सिगारेट ओढताना बोलायचा तसं, हळू.

सोडली होतीस ना भो एकदा? मग परत बांधली कायले?