चिमणाबाईचा डावा हात

घोटीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत ज्यांची भातखाचरं आहेत, त्या बायांचे दोन हात सारखे नसतात. आवणीला उतरलं की डाव्या हातात रोपांची मूठ धरायची आणि उजव्या हाताने त्यातली चार-दोन रोपं सोडवून चिखलात रोवायची. उजवा हात सारखा जातो-येतो, त्याला वारा लागतो. डाव्याने नुसतं धरून राहायचं. पाठ वाकलेली, पाठीवर पाऊस, आणि डावा हात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मिटलेला. चिमणाबाईचा डावा हात असा उभा जन्म मिटून राहिला. आता साठी उलटल्यावर त्याने मिटायचंच सोडलं होतं.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

चिमणाबाई नाशकात पाथर्डी फाट्याला धाकट्या मुलाकडे, मनोजकडे राहायची. मनोज कंपनीचा टेम्पो घेऊन आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असायचा. सून प्रतिभा अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाला होती. नातू कुंदन तीन वर्षांचा, नात तेजस्विनी आठ महिन्यांची. दोघंही दिवसभर आजीपाशी.

स्वतःची पोरं तिने अशी वाढवलीच नव्हती. बांधावरच्या जांभळीला झोळी टांगायची, पोराला तीत टाकायचं आणि लोकांच्या खाचरात उतरायचं. पोर रडलं तरी रांग मोडून जाता यायचं नाही. पाऊस आणि रडणं एकमेकांत मिसळून कानावर यायचं, आणि त्यातलं कुठलं वाढलं हे ओळखत बाई रोपं लावत राहायची. आपलं लेकरू दिवसाच्या उजेडात दिसतं कसं, झोपेत हसतं कसं, हे तिने कुंदन झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं. शहराचं तिला काही कौतुक नव्हतं, पण या दोन पोरांसाठी ती चौकोनी खोल्यांत राहायला शिकली, गॅसची कळ फिरवायला शिकली.

गेल्या पावसाळ्यात डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग एक दिवस पेला निसटला. मग लोणच्याची बरणी.

"हात ओला होता गं," ती म्हणाली. प्रतिभाने काचा भरल्या, फरशी पुसली, विषय संपला. चिमणाबाईच्या मनात मात्र तो संपला नाही. वरच्या मजल्यावर वत्सलाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचाही नातू तिच्याकडेच असायचा. तिला एकदा चक्कर आली. आठ दिवसांत नातू पाळणाघरात आणि वत्सलाबाई गावी. तिची पिशवी रिक्षात ठेवायला चिमणाबाईच गेली होती. "चार दिवस जाऊन येते," वत्सलाबाई म्हणाली होती. ती परत आली नाही.

तेव्हापासून चिमणाबाईने तेजूला कडेवर घेणं सोडलं. जुन्या लुगड्याचा पट्टा काढून ती पोरीला पाठीशी बांधायला लागली. डोंगरातल्या सगळ्याच बाया बांधतात, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. तेजू पाठीवर आणि कुंदनचं बोट उजव्या हातात. कुंदनची बालवाडी उताराच्या तळाशी. जाताना तो पळायचा, येताना चढावर बसकण मारायचा. "आजी, उचल. पाय मेले माझे." मग त्यालाही उजव्या कडेवर घ्यायचं. एकदा प्रतिभाने खिडकीतून तिला असं धापा टाकत येताना पाहिलं.

"आई, आता दोघांची मिळून एक बाबागाडी घेऊ या," ती त्या संध्याकाळी म्हणाली.

"कशापाई? मला काय झालंय?"

"तुम्हाला कुठं काय झालंय म्हणतेय? कुंदन केवढा जड झालाय. मलाच उचलत नाही."

"तुला नाय उचलत. तू खुर्चीवर बसून हिशेब करती," चिमणाबाई म्हणाली. प्रतिभा हसली. चिमणाबाईही हसली, पण डावा हात तिने पदराखाली घेतला. गाडी म्हणजे दांडा, आणि दांडा म्हणजे धरणं.

रविवारी त्या दोघी पोरांना घेऊन मेनरोडला गेल्या. लहान मुलांच्या सामानाचं मोठं दुकान होतं. शुभांगीताई नावाच्या बाई ते चालवायच्या. बोलायला गोड आणि वस्तूंच्या बाबतीत जाणत्या. त्यांनी आधी पोरांची वयं विचारली, मग घर विचारलं, मग रस्ता विचारला.

"तीन वर्षं आणि आठ महिने, हे जरा अडचणीचं वय असतं बघा," त्या म्हणाल्या. "जुळं असलं तर प्रश्न नसतो. इथं एकाला झोपायचंय आणि एकाला उडी मारायचीय."

त्यांनी तीन गाड्या पुढे ओढल्या. पहिलीत दोन बैठका शेजारी शेजारी. दुसरीत एकामागे एक, पुढे मोठ्याला, मागे धाकट्याला. तिसरी एकाच बाळाची, पण मागच्या बाजूला मोठ्याला उभं राहायला चाकांवरची फळी.

प्रतिभाला पहिली आवडली. "दोघं शेजारी बसतील, गप्पा मारतील."

"गप्पा?" चिमणाबाई म्हणाली. "हा तिचे केस उपटंल. परवा कानात पोहे घातले तिच्या."

"मी नाय घातले. ती खात नव्हती," कुंदन म्हणाला.

शुभांगीताई खळखळून हसल्या. चिमणाबाईचं लक्ष मात्र त्या गाडीच्या मुठींवर होतं. छत्रीच्या असतात तशा दोन सुट्या मुठी. दोन्ही हातांनी सारखं धरलं तरच गाडी सरळ जाणार. तिने उजवी मूठ हळूच दाबून पाहिली आणि सोडून दिली.

"ही रुंद हाय लय. आपल्या फाटकातनं जायची नाय," ती म्हणाली. ते खरंही होतं.

"मग ही फळीवाली घेऊ?"

"फळीवर हा उभा राहील व्हय? उतारावर उडी टाकंल आन् जाईल रिक्षाखाली."

"आजींना बरोबर कळतं," शुभांगीताई म्हणाल्या.

उरली एकामागे एक बैठकांची. तिला सबंध आडवा दांडा होता. चिमणाबाईने त्याच्या मधोमध उजवा हात ठेवला आणि रिकामी गाडी जरा पुढे-मागे केली. एका हाताने गेली. तिचा जीव भांड्यात पडला. "हीच बरी," ती म्हणाली. "मोठा पुढं म्हंजी माझ्या नजरंसमोर. बारकी मागं म्हंजी माझ्यापाशी."

"आजी, एकदा पोरांना बसवून चालवून बघा ना," शुभांगीताई म्हणाल्या. "रिकामी कुठलीही गाडी चांगलीच वाटते."

पोरांना बसवलं, पट्टे लावले. दुकानाचं जोतं उंच होतं आणि दारातून रस्त्यावर उतरायला सिमेंटची उतरण केलेली होती. चिमणाबाईने दोन्ही हात दांड्यावर ठेवले. लोकांसमोर एका हाताने चालवणं बरं दिसलं नसतं. उतरणीला लागताच गाडीला पोरांचं वजन आलं. दुसऱ्याच कुणाचा हात तिथं ठेवलेला असावा तसा डावा हात दांड्यावरून निसटला. उजवीकडचा जोर एकटा राहिला. गाडी तिरकी फिरली, पुढचं चाक उतरणीच्या कडेवरून खाली गेलं आणि समोरून येणारी स्कूटर करकचून थांबली. शुभांगीताईंनी धावत येऊन दांडा पकडला. तेजू रडायला लागली. कुंदन मात्र ओरडला, "परत! परत!"

प्रतिभाचा चेहरा पांढरा पडला होता. तिने आधी पोरीला उचललं आणि मग तिचा आवाज चढला.

"हे काय विकता तुम्ही? चाक बघा कसं फिरतंय! पोरं गेली असती माझी."

"ताई, चाक फिरतंच, वळायला सोपं जावं म्हणून—"

"मला शिकवू नका. एवढं वय झालेल्या बाईच्या हातात देता, आणि चाक ठीक आहे का बघत नाही?"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. ती सगळी वळून बघायला लागली. शुभांगीताईंनी वाकून चाक पाहिलं, फिरवलं, पुन्हा पाहिलं. त्यांना त्यात काही दोष दिसला नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. "दुसरी देते," त्या शेवटी हलक्या आवाजात म्हणाल्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. चिमणाबाईच्या जिभेपर्यंत आलंही. मग तिला वत्सलाबाईची पिशवी दिसली, आणि ती खाली बघत राहिली. शुभांगीताईंनी ती गाडी भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात लावली. तिच्यासारखीच दुसरी, निळ्या कापडाची, घरी आली.

सोमवारी प्रतिभा कामावर गेली. चिमणाबाईने पोरांना गाडीत बसवलं, फाटकाबाहेर काढलं आणि ती उताराच्या तोंडाशी येऊन थांबली. पांडवलेण्यांच्या डोंगरावर ऊन चढत होतं. खाली बालवाडीचं छप्पर दिसत होतं. कुंदन गाडीतून पाय हलवत म्हणाला, "चल ना गं." ती उभीच राहिली. मग तिने पाठीला बांधायचा तो लुगड्याचा पट्टा काढला, डावं मनगट दांड्याला टेकवलं आणि दोन वेढे देऊन बांधलं. गाठ मारायला एक हात पुरेना. दुसरं टोक तिने दातात धरलं आणि ओढलं. भाऱ्याला मारतात तशी गाठ. ताण आला की घट्टच होते.

गाडी सरळ गेली.

मग रोज तसंच. मनगटावर काळपट वळ उठला, तो तिने पदराखाली ठेवला. घरात ती आता फार बोलायची नाही. प्रतिभाला वाटलं, आईंना गावाची आठवण येतेय.

पुढल्या आठवड्यात गुरुवारी कारखान्यात वीज नव्हती म्हणून प्रतिभा दुपारीच सुटली. स्कूटीवरून येताना तिला चढावर आपली गाडी दिसली. पुढे कुंदन, मागे झोपलेली तेजू, आणि दांड्यावर ओणवी झालेली सासू. हाक मारणार, एवढ्यात तिला तो पट्टा दिसला. तिने स्कूटी कडेला लावली.

"आई, हे काय?"

"ऊन लागतंय हाताला. गुंडाळलंय."

"सोडा बघू."

"घरी गेल्यावर सोडते. तू हो पुढं."

"आई, सोडा."

"दाताबिगर सुटत नाय ती," चिमणाबाई म्हणाली.

प्रतिभाने नखांनी प्रयत्न केला. गाठ हलेना. रस्त्यावर माणसं जात-येत होती. ती खाली वाकली आणि तिने त्या मळक्या कापडाची गाठ दातांनी सोडवली. तोंडातला धागा काढत ती सरळ झाली, तेव्हा तिला मनगटावरचा वळ दिसला. तिने आपलं बोट सासूच्या तळहातात ठेवलं.

"दाबा."

"दाबते हाय."

"आई, दाबा ना."

"दाबतेच हाय की गं."

प्रतिभाच्या बोटाला नुसता तळहाताचा खरखरीतपणा लागत होता. तिने बोट काढून घेतलं.

"कधीपासून?"

"झाले दिस."

"आणि त्या दिवशी दुकानात?"

"चाक बरं होतं," चिमणाबाई म्हणाली. "त्या बाईची काय चूक नव्हती."

कुंदन मागे वळून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. प्रतिभाचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "गाडी सुटली असती तर? विचार केला होतात?"

"सुटली नसती. म्हणूनच बांधलं ना. मी गेले असते संगं."

प्रतिभाने स्कूटीला कुलूप लावलं, दांडा आपल्या हातात घेतला आणि गाडी चढावर ढकलायला लागली. चिमणाबाई बाजूने चालत राहिली. हातात काही नाही, पाठीवर काही नाही. अशी मोकळी ती या रस्त्याने कधी चालली नव्हती, आणि पावलं कशी टाकायची तेच तिला समजेना.

"मनोज शनिवारी येईल. हात दाखवू डॉक्टरांना," प्रतिभा पुढे बघत म्हणाली. "तोवर मी रजा टाकते."

"मग मी काय करू?"

"आधी हात दाखवू, आई."

"दाखव की. पन त्याच्यानंतर?"

प्रतिभाने दम लागल्यासारखं केलं. खरंच लागला असेल, चढ मोठा होता.

इमारतीची लिफ्ट अरुंद होती. तीत ती लांब गाडी आणि मागे एक माणूस, एवढंच मावायचं. प्रतिभा म्हणाली, "दार धरा जरा." चिमणाबाईने हात पुढे केला, मागे घेतला, आणि पाठ लावून दार धरलं. पुढची चाकं आत गेली, मागची गेली, मग प्रतिभा आत गेली. तिच्या आणि दाराच्या मध्ये वीतभर जागा राहिली.

"तुम्ही मागून या."

"येते."

दार मिटताना कुंदनने "आजी राहिली!" असं ओरडलेलं ऐकू आलं. मग आवाज वर वर गेला. चिमणाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपल्या मजल्याचा आकडा ती ओळखायची. दाराच्या वर तो लाल होऊन थांबला. लिफ्ट खाली बोलवायची तर शेजारची कळ दाबावी लागते, हेही तिला माहीत होतं. उजवा हात चांगला होता. पण ती कळ न दाबता उभी राहिली, वरून कुणी हाक मारतंय का ते ऐकत.